डांबरगोळ्यांचे मूळ शोधून जाहीर करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात आणि घाट उतरून मालवणला जाणाऱ्या आम्हां कोल्हापूरकरांच्या तळपायांना ते चिकटतात. ‘कुठल्या तरी जहाजाने तेल सोडले असेल’ असे म्हणून विषय दरवर्षी तिथेच संपतो. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे फार खटकते, कारण तेलाचे मूळ तेलातच नोंदलेले असते.

१९३४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी खनिज तेलातील पॉर्फिरिन संयुगांचे हरितद्रव्याशी असलेले नाते दाखवून दिले. अशा जैवखुणांपैकी, म्हणजे प्राचीन सजीवांच्या तेलात उरलेल्या रासायनिक खुणांपैकी, होपेन ही संयुगे प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलांतून, तर स्टेरेन ही मुख्यतः शैवालांतील स्टेरॉलपासून आलेली असतात. ओलिअनेन सापडले, तर तेल ज्यापासून बनले त्या मूळ गाळात सपुष्प वनस्पतींचा अंश होता असे समजते. या संयुगांची प्रमाणे तेलक्षेत्रागणिक बदलतात. समुद्रात तेलाचे हलके घटक उडून जातात, साध्या साखळीची हायड्रोकार्बने सूक्ष्मजीव खातात, पण होपेन आणि स्टेरेन चिवटपणे टिकतात, म्हणूनच जुन्या गोळ्याचीही ओळख पटू शकते. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडल्यानंतर त्या किनाऱ्यांवरील डांबर तपासले गेले, तेव्हा त्यातील काही त्या जहाजाचे नव्हे, तर कॅलिफोर्नियातील तेलापासून बनलेले निघाले. अलास्कातीलच १९६४ च्या भूकंपात फुटलेल्या टाक्यांतून ते आले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

या परीक्षेतून तेलाचे कूळ कळते, जहाजाचे नाव नव्हे. त्यासाठी संशयित जहाजाच्या टाकीतील नमुना शेजारी ठेवून पडताळावा लागतो. पण गोळा हाती नसेल, तर पडताळायचे तरी काय? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी असे विश्लेषण केलेले आहे, त्यामुळे ज्ञान दूर शोधायला नको. किनारा स्वच्छ करताना सगळे गोळे पुरून टाकण्याऐवजी प्रत्येक ठिकाणचे थोडे नमुने, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे तर स्वच्छ काचेच्या बाटलीत, जागा आणि तारीख लिहून शीतपेटीत ठेवावेत, तपासणीचे निष्कर्ष शासनाने दरवर्षी जाहीर करावेत, आणि नमुने गोळा करण्याच्या कामात कोल्हापूर व सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना सहभागी करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर