राजाच्या सहीचा कागद

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, वर एकच खंबीर माणूस असला की कामं झटपट होतात. संसद, कोर्टकचेऱ्या हव्यात कशाला?" तेव्हा गप्प राहिलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये 'लेत्र द काशे' नावाचा कागद निघे. राजाची सही, खाली एका मंत्र्याची सही, वर मोहर. ज्याच्या नावाने निघेल तो तुरुंगात. आरोप सांगायचा नाही, खटला चालवायचा नाही, सुटका कधी तेही ठरलेलं नाही. राजा म्हणजे देवाने नेमलेला प्रजेचा बाप. त्याला जाब कोण विचारणार? आणि पुष्कळदा हे कागद खरेखुरे बापच मागून घेत, हाताबाहेर गेलेल्या पोरांसाठी.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत पुढारी म्हणून गाजलेल्या मिराबोच्या बापाने तेच केलं. हा बाप विचारवंत, 'माणसांचा मित्र' म्हणून नावाजलेला. १७६० मध्ये करपद्धतीवर लिहिलं म्हणून त्यालाच पॅरिसजवळच्या वँसेनच्या किल्ल्यात काही दिवस कोंडलं होतं. तरी मुलाची कर्जं आणि भानगडी वाढल्यावर त्याने राजाचाच आधार घेतला. १७७७ ते १७८० मुलगा त्याच किल्ल्यात होता. मुलगा गुणाचा नव्हता, कबूल. पण आत बसून त्याने या कागदांविरुद्ध पुस्तक लिहिलं. ते १७८२ मध्ये छापलं गेलं.

यातला बाप माझ्या मनातून जात नाही. दहावीनंतर तुला न विचारता मी सायन्सचा फॉर्म भरला होता, तुझ्या भल्यासाठीच. तू आजीकडे गेलास आणि तिने मला थांबवलं. फ्रान्सच्या राजाला तसं थांबवणारं कोणी नव्हतं. सत्ता हातात आली की माणूस ती वाटेल तशी वापरू लागतो, म्हणून सत्तेला सत्तेनेच अडवावं, असं फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये लिहिलं ते याचसाठी.

१७९० मध्ये, राज्यक्रांतीत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सभेने ते कागद रद्द केले.

आपल्या संविधानाचं २२वं कलम काढून वाच. अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील करू द्यावा लागतो, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. पुढे त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठी, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच तो टाळायला एखाद्याला डांबण्यासाठी, यातून सूटही दिली आहे. तीही नीट वाच. दिवाळीला आलास की त्यावर बोलू.

तुझा,
बाबा