पहाटेचं 97.4

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू आत झोपलायस. उठशील तेव्हा मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला गेलेली असेन आणि मी येईपर्यंत तुझी ऑफिसची गाडी खाली उभी असेल. म्हणून लिहून ठेवतेय.

मालाडची नोकरी घेतलीस तेव्हा मी म्हणाले होते, "नाइटची सवय होते रे, मी नाही का तीस वर्षं काढली?" तो शब्द मी मागे घेते. सवय होत नाही. मलाही झाली नव्हती.

वॉर्डात टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, घेताना दिसायचं, ताप नसलेल्या पेशंटचाही पारा संध्याकाळी 98.8 असेल तर पहाटे 97.4. त्याच वेळी मलाही हुडहुडी भरायची, स्वेटर घालून बसायचे. अशाच एका पहाटे चार वाजता मी चार्टवर इन्सुलिनचे 6 युनिट लिहायचे ते 16 लिहिले. ओव्हर, म्हणजे ड्यूटीचा ताबा, घेताना दुसऱ्या सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून पेशंट वाचला. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं वाटायचं, आपण निष्काळजी आहोत.

आता मुलींना शिकवायचं म्हणून वाचायला बसले, तेव्हा मायकेल मेनेकर या अमेरिकन प्राध्यापकांचं काम हाती लागलं. त्यांच्या प्रयोगशाळेत हॅमस्टर होते, उंदरासारखे प्राणी. ते रात्री चाकावर पळतात, रोज ठरलेल्या वेळी. त्यातला एक निघाला वेगळा, त्याचा दिवस 24 तासांचा नव्हताच. त्याच्या वंशातल्या काहींचा तर 20 तासांचाच भरला. मग त्यांनी एका हॅमस्टरच्या मेंदूतला डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वरचा ठिपक्याएवढा भाग काढला. त्याची वेळच हरवली, केव्हाही पळायचा, केव्हाही झोपायचा. तिथे दुसऱ्या हॅमस्टरचा तोच भाग बसवला, तर तो देणाऱ्याच्या वेळेने पळू लागला. हे 1990 सालचं. ज्याचा तुकडा, त्याची वेळ! वाचून मी किती तरी वेळ नुसती बसून होते. आपल्याही मेंदूत तो भाग आहे, साधारण 20,000 पेशींचा, शरीराचं घड्याळच म्हण. त्याच्यापुढे माझा निर्धार काय करणार होता?

या घड्याळाला किल्ली देतो तो उजेड, डोळ्यांतून. आणि तू सकाळी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) भांडुपला येतोस ते थेट उगवत्या सूर्याकडे तोंड करून. घड्याळाला कळतं, दिवस सुरू झाला. मग घरी येऊन तू कूस बदलत पडतोस आणि मी बाहेरून म्हणते, फोन ठेव म्हणजे झोप येईल. चुकलंच माझं.

आणखी एक. लिव्हरचं घड्याळ वेगळं असतं, ते खाण्यावर चालतं. मेनेकरांच्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या जेवणाची वेळ बदलली, तर त्यांच्या लिव्हरचं घड्याळ दोन दिवसांत 10 तास सरकलं, मेंदूतलं जागचं हललं नाही. म्हणजे एकाच अंगात दोन वेळा! मी रात्री दोनला डबा उघडायचे, तू तीनला रोल मागवतोस. तेव्हा निघण्यापूर्वी घरी पोटभर जेव. मध्यरात्री फार तर केळं, ताक. मी सगळं करून ठेवीन.

येताना गाडीत गॉगल लाव. बाईक मात्र नेऊ नकोस, पेंगुळलेल्या डोळ्यांनी तर नाहीच. आणि दर पंधरा दिवसांनी शिफ्ट बदलते, त्याबद्दल तुझ्या टीम लीडशी बोल. एकच शिफ्ट लागून मिळाली तरी पुष्कळ. दिवसाची जागा निघाली तर पगार थोडा कमी असला तरी घे, घराचं मी बघते.

तुझ्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन गेलेय, जाड काळा पडदा शिवायला टाकते. शनिवारी मिळेल. तोवर माझी जुनी निळी चादर दोन चिमटे लावून अडकवलीय, काढू नकोस.

तुझी,
आई