ज्येष्ठांच्या वसाहतीची बाग पाहा, पण आधी करारनामा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या वसाहतींच्या पानभर जाहिराती असतात. हिरवळ, हसरे जोडपे आणि तळाला बारीक अक्षरांत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. दरमहा किती द्यावे लागेल आणि ते दरवर्षी किती वाढेल, हे मात्र कोणी छापत नाही. पुण्यात 'अथश्री'सारख्या वसाहती येऊन बरीच वर्षे झाली. नवलाई ओसरली, आता हिशेब मांडायला हरकत नाही.

अशा घरांची गरज नाही, असे मुळीच नाही. सदाशिव पेठ, कोथरूडमधल्या बिनलिफ्टच्या तीन-चार मजली इमारतींत गुडघे गेलेला माणूस घरातच अडकतो. मुले परदेशात, शेजारचे फ्लॅट भाड्याने गेलेले आणि नळ गळला की प्लंबरला चार फोन. वसाहतीत ही कामे एका इंटरकॉमवर होतात. जेवणाच्या हॉलमध्ये माणसे भेटतात, संध्याकाळी पत्त्यांचा डाव पडतो. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याला हा डाव बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा वाटतो.

या वसाहती स्वतंत्रपणे राहू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी असतात आणि खरी गोम त्या 'स्वतंत्र' शब्दातच आहे. राहणारा स्वतःचे स्वतः करू शकतो, हे धरूनच इथले दर ठरतात. आंघोळ घालणे, वेळेवर औषध देणे, रात्री उठवून बसवणे त्यात येत नाही. त्यासाठी मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई वेगळी, तिचे पैसे वेगळे आणि ती सुटीवर गेली की बदली शोधायची आपणच. म्हणून करारात 'रहिवासी स्वतंत्रपणे राहण्यास असमर्थ ठरल्यास' अशा अर्थाचे कलम आधी शोधावे. असमर्थ ठरवणार कोण, व्यवस्थापनाचा डॉक्टर की आपला? घर सोडायला मुदत किती? शुश्रूषा विभाग त्याच आवारात असेल तर तिथे जागेची हमी आहे की नुसते 'प्राधान्य'? खाट रिकामी नसेल तर प्राधान्याचा उपयोग शून्य.

आता पैसे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना २०,५०० रुपये व्याज पडते आणि तो आकडा पाच वर्षे हलत नाही. समजा, वसाहतीचे शुल्क आज महिना १५,००० आहे आणि करारात दरसाल १० टक्के वाढ लिहिली आहे. पाचव्या वर्षी ते २२,०००च्या घरात जाऊन व्याजाला मागे टाकते. अकराव्या वर्षी ३८,९०० होते. सेवा कंपनी पुरवत असेल तर सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गृहनिर्माण संस्थेला सभासदामागे महिना ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर मिळणारी जीएसटीची सूट कंपनीच्या बिलाला लागत नाही. वाढ 'प्रत्यक्ष खर्चानुसार' असे मोघम लिहिले असेल तर मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रके मागावीत. शुल्क माणशी आहे की फ्लॅटमागे, हेही विचारावे. फ्लॅटमागे असेल तर जोडप्यातला एक गेल्यावर फक्त जेवणाचे पैसे कमी होतात, बाकी आकार तेवढाच राहतो.

काही ठिकाणी फ्लॅट विकत न देता मोठी अनामत घेऊन राहायला देतात आणि तीतून दरवर्षी ठरावीक टक्के कापतात. राहते घर विकून ही अनामत भरणाऱ्यांनी आधी सीएला भेटावे. घर विकून घर घेतल्यास भांडवली नफ्यावर करसूट मिळते. अनामत भरणे म्हणजे घर घेणे नव्हे. उरलेली अनामत किती दिवसांत परत आणि कोणाच्या नावाने, हे करारात हवे. 'पुढचा रहिवासी मिळाल्यावर' असे वाक्य असेल तर तारीख घालून घ्यावी.

इमारतीबाबत महारेराने २०२४ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी नियम घालून दिले ते चांगलेच झाले: दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद, जिना १,५०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात आधाराचे दांडे. जुन्या वसाहतीतला फ्लॅट घेणाऱ्याने मात्र खिशात टेप ठेवूनच जावे. स्ट्रेचर आडवे आत जायला लिफ्ट आतून सुमारे दोन मीटर खोल लागते. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बिल्डर जागा वाचवायला तो चारपाच फुटांत संपवतात आणि व्हीलचेअर ढकलणारा धापा टाकतो. शिवाय महारेराचा धाक मुख्यतः बांधकामाला. ताबा मिळाल्यानंतर रात्रपाळीची नर्स गायब असेल तर करारनामा हातात घेऊन ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते.

एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. वसाहत सुरू होते तेव्हा बहुतेक जण पासष्टीचे असतात, म्हणजे पंधरा वर्षांनी सगळे एकदमच ऐंशीचे. मदतनीस सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात आणि फ्लॅट विक्रीलाही एकदमच निघतात. सहकारी संस्था स्थापन झाली असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीला बदलण्याचा अधिकार सभासदांकडे येतो, ही जमेची बाजू. पण लेखापरीक्षण, थकबाकी आणि निवडणूक सांभाळणारी समितीही त्या ऐंशीच्यांतूनच निवडायची. कंपनीने जाताना रहिवाशांकडून देखभालीसाठी घेतलेला ठेव निधी संस्थेकडे व्याजासह सोपवायचा की नाही, हे पहिल्याच करारात लिहिलेले बरे.

वारसांचेही तेच. मुलगा फ्लॅटचा मालक होतो, पण वयाची अट ५५ किंवा ६० असेल तर तिथे राहू शकत नाही आणि भाडेकरूही त्याच वयाचा शोधावा लागतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत बंद फ्लॅटचे शुल्क चालूच. नामनिर्देशन केले म्हणजे झाले, असे समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, मृत्युपत्र वेगळे करावे लागते.

घर बुक करण्याआधी पंधरा दिवस पैसे भरून राहून पाहावे, तेही जुलैत. गावाबाहेरच्या वसाहतीची वीज, टँकर, डास आणि रस्ता पावसाळ्यातच कळतो. रात्री दोनला न्हाणीघरातली धोक्याची घंटा दाबून घड्याळ लावावे. 'हॉस्पिटल दहा मिनिटांवर' असते ते पहाटे. संध्याकाळी सहाला स्वतः रिक्षाने जाऊन पाहावे. आहारात मीठ कमी चालेल का, उपवासाचे मिळेल का, महिनाभर गावी गेल्यास जेवणाचे पैसे वळते होतात का, हे कचेरीत न विचारता तिथे राहणाऱ्यांना विचारावे. ते खरे सांगतात, आणि बराच वेळ सांगतात.

आपल्या जाहिरात विभागाला एक विनंती. अशा जाहिराती घेताना आजचे मासिक शुल्क आणि सुरू असलेल्या वसाहतींत गेल्या पाच वर्षांत ते किती वाढले, या दोन ओळी छापण्याची अट घालावी. महारेराच्या क्रमांकाशेजारी तेवढी जागा असते.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे