मनोबलाचं व्याख्यान आवरा, मेळाव्यानंतर उत्तर द्या

प्रति,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नोकरी शोधणाऱ्यांची उमेद टिकवण्याबाबत.

महोदय,
सा. न. वि. वि.

तुमच्या खात्याच्या रोजगार मेळाव्यात दीपप्रज्वलन आटोपलं की व्याख्यान असतं. आमच्या जिल्ह्यातल्या मेळाव्यातही होतं. वक्ते बोलले छान. पहाटे पाचला उठा, आरशात बघून स्वतःला शाबासकी द्या, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. आता आमच्या घरी पाचला सगळेच उठतात, कारण गोठ्यात गाय आहे. आणि नकारात्मक माणसं शेजारच्याच पडवीत बसलेली असतात, तीही नात्यातली. "काय गो, लागलीस का कुठे?" एवढंच विचारतात. त्यांच्यापासून लांब जायचं तर एसटीच धरावी लागेल.

मी गुहागर तालुक्यातली. बीएस्सी, रसायनशास्त्र. एका रासायनिक कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत कंत्राटदारामार्फत कामाला होते. कंत्राट बदललं, नव्या कंत्राटदारानं आपली माणसं आणली, आम्ही घरी आलो. यात कुणाचं पाप नाही म्हणतात, आणि या पत्रात मी नोकरीही मागत नाही. मला सांगायचंय ते असं, की बेकार माणसाची उमेद ही त्याच्या एकट्याच्या डोक्यात तयार होणारी गोष्ट नव्हे. तिला ठरलेली वेळ लागते, जायला जागा लागते, चार माणसं लागतात आणि केलेल्या अर्जाला उत्तर लागतं. यातलं बरंचसं तुमच्या खात्याच्या हातात आहे. त्यावर खर्चही फारसा नाही.

कोकणातल्या मुलांना अभ्यास नको असतो, असं तर कुणी म्हणणार नाही. दहावी-बारावीत आमचं विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२५ साली बारावीला ९६.७४ टक्के आणि दहावीला ९८.८२ टक्के. निकालाच्या दिवशी पेढे, फोटो, आमदारांच्या शुभेच्छांचे फलक. ती मुलं पाच-सहा वर्षांनी कुठे असतात, याचा फलक कुणी लावत नाही. बरीचशी मुंबईजवळच्या दिवा स्टेशनात उतरून लोकल धरतात. जी घरच्या अडचणीनं मागे राहतात किंवा माझ्यासारखी परत येतात, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

परत येणं कोकणाला नवं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावातून कितीतरी चाकरमानी कायमचे गावी आले. त्यात माझे आजोबा होते. मी लहानपणी पाहिलं तेव्हाही ते धुतलेला सदरा घालून सकाळी नाक्यावर जाऊन बसायचे. काम काही नसायचं. घरातल्यांना वाटायचं, यांना गप्पा हव्यात. मला आता वाटतं, त्यांना जायला कुठलंतरी ठिकाण हवं होतं.

मागे वाचनालयात एका जुन्या मासिकात ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावाबद्दल वाचलं. १९३० च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाईझल या अभ्यासकांनी गावाची पाहणी केली, ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. गिरणी बंद म्हणजे वेळच वेळ, तेव्हा लोक जास्त वाचतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. कामगारांच्या ग्रंथालयातून पुस्तकं नेणं दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आलं. पुरुषांची रस्त्यानं चालण्याची गती मंदावली, बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणं सोडलं. बायका मात्र झपझप चालत होत्या, कारण चूल, पोरं, धुणं यांची वेळ चुकत नव्हती. याहोदाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी काही देते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, काहीतरी मिळून केल्याची भावना, समाजात एक ओळख. नोकरी गेली की पगाराबरोबर हे सगळंच जातं. मग अशा माणसाला "सकारात्मक विचार कर" म्हणून काय होणार?

मला स्वतःला काय उपयोगी पडलं, ते सांगते. आमच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. सकाळी तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी, नर्सिंग झालेली आणि माझ्यासारखी अशा काही मुली बसतात. एकमेकींचे अर्ज वाचून चुका काढतो, खोट्या मुलाखती घेतो. एकच नियम आहे : मुलाखतीहून आलेलीला "काय झालं?" विचारायचं नाही, तिला वाटलं तर ती सांगेल. या नियमामुळेच मुली टिकल्या, नाहीतर एक नकार आला की पोरगी आठ-आठ दिवस घराबाहेर पडायची नाही.

दुसरं म्हणजे आगळ, कोकमाचा खारवलेला रस. वाडीतल्या बचत गटाच्या बायका मे महिन्यात रातांब्यांची आगळ करतात. आदल्या वर्षीच्या काही बाटल्या गणपतीपर्यंत फसफसल्या होत्या, एकीचं बूच माळ्यावर जाऊन आदळलं. मीठ ज्याच्या त्याच्या मुठीनं पडायचं. कुणाची मूठ सढळ, कुणाची आखडती. मी दुकानातून वजनकाटा मागून आणला. रस मोजला, मीठ तोलून घातलं, प्रत्येक बरणीवर तारीख आणि बॅच नंबर लिहिला. काकी हसल्या, आगळीला कसला गो नंबर! पण त्या पावसाळ्यात एकही बाटली फसफसली नाही, आणि आता नंबर नसेल तर त्याच विचारतात. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचनळीच्या, तोटीवर बोट ठेवून रंग पालटायची वाट बघणारी मी, त्या महिन्यात मला पुन्हा आपण केमिस्ट असल्यासारखं वाटलं. पुढच्या मुलाखतीत हे सांगितलंसुद्धा. मात्र कृपा करून अहवालात माझी गणना 'उद्योजिका' म्हणून करू नका. त्यातून मिळालेल्या पैशात मोबाईलचं रिचार्ज निघतं.

आता मुख्य तक्रार. मेळाव्यात टेबलांवर अर्जांचे गठ्ठे होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर पाण्याच्या बाटल्या. माझी एका कंपनीत पहिली फेरी चांगली झाली, 'कळवू' म्हणाले. आमच्याकडे रेंज अंगणाच्या कडेला फणसाखालीच येते. लावणीचे दिवस होते, खाली शेतात अजिबात रेंज नाही. तेव्हा फोन येईल म्हणून मी लावणीला उतरलेच नाही. घरची सगळी चिखलात आणि मी फणसाखाली. फोन आला तो क्रेडिट कार्ड घेता का म्हणून. कंपनीकडून आजतागायत काही नाही, होही नाही आणि नाहीही नाही. आणि वर्तमानपत्रात मेळाव्याची बातमी आली त्यात 'इतक्या उमेदवारांची प्राथमिक निवड' असा आकडा होता. त्या आकड्यात मीही आहे. म्हणजे तुमच्या हिशेबी माझी निवड झालेली आहे.

माणूस नकारानं खचतो असं सगळे धरून चालतात. नकाराचं दुःख दोन दिवसांचं असतं हो. उत्तरच न आल्यावर माणूस ना दुसरीकडे नीट बघू शकत, ना हातातलं काम करू शकत. आपल्याच अर्जात काही चुकलं का, हेही कळत नाही. म्हणून एक साधी अट घाला : मेळाव्यात टेबल मांडणाऱ्या प्रत्येक कंपनीनं पंधरा दिवसांत महास्वयम् या सरकारी रोजगार पोर्टलवर प्रत्येक उमेदवारापुढे होय किंवा नाही नोंदवावं. कारण एका ओळीत लिहिलं तर उत्तमच. न नोंदवणाऱ्या कंपनीला पुढच्या मेळाव्यात टेबल देऊ नका. शिवाय 'प्राथमिक निवड' छापता तशी तीन महिन्यांनी 'प्रत्यक्ष रुजू' किती झाले तेही छापा. आकडा लहान असेल, असू दे. आम्हाला मोठ्या आकड्याची तशीही सवय नाही.

पंधरा दिवसांची मुदत मी मनानं काढलेली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा याच राज्यानं १९७७ मध्ये केला. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, अशी मुदत तेव्हा सरकारनं स्वतःवर घालून घेतली. इथे तर मी काम मागत नाही, उत्तर मागतेय.

दुसरा मुद्दा सरकारी भरतीच्या फीचा. हे खातं तुमचं नाही, ठाऊक आहे, पण मंत्रिमंडळात तुम्ही बसता. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची भरती निघाली, तिथेही तीच फी, तीही प्रत्येक पदाच्या अर्जाला वेगळी. आईनं काजू बी विकून माझी फी भरली. वर परीक्षा केंद्र लांबच्या शहरात लागलं की जाणं-येणं आणि राहणं वेगळं. घरी पैसे मागायला लाज वाटू लागली की मुलं आधी फॉर्म भरायचं सोडतात, मग अभ्यास. राजस्थाननं २०२३ पासून एकदाच नोंदणी शुल्क घेऊन पुढच्या परीक्षांना फी न घेण्याची पद्धत आणली. आपल्याला का जमू नये?

काही गोष्टी नुसत्या सांगायच्या राहून जातात. कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, ज्याचा कापला जात होता त्याच्यासाठी २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. अटींत बसणाऱ्याला नोकरी सुटल्यावर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता. २०२० मध्ये तो सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के केला. योजना केंद्राची आहे. पण माझ्याबरोबर घरी आलेल्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती, कंत्राटदारानं तर सांगायचा प्रश्नच नाही. रत्नागिरीतल्या तुमच्या जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्राच्या भिंतीवर तिचं एक पोस्टर आणि अर्ज भरून द्यायला एक माणूस, एवढं झालं तरी कितीतरी घरांत तीन महिन्यांचा किराणा येईल. त्याच पोस्टरवर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांकही छापा. २०२२ पासून ही सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्याकडे मन बरं नाही म्हटलं की आधी गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात. ठेवू देत. पण त्याबरोबर हा नंबरही फिरवावा, असं कुणीतरी सांगायला हवं.

आणि ते जिल्हा केंद्र. गुहागरातून रत्नागिरीला तवसाळहून जयगडची फेरीबोट धरून गेलं काय किंवा चिपळूणवरून गेलं काय, दिवस मोडतो. तुमचा समुपदेशक महिन्यातून एकदा तालुक्यातल्या वाचनालयात येऊन बसला तर? वाचनालयांची कोकणाला वाण नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याची हजारो पुस्तकं भिजली तरी ते पुन्हा सुरू झालं. गावोगावची लहान वाचनालयं आहेत, त्यांना हवा आहे एक संगणक, इंटरनेट आणि दिवसभर दार उघडं ठेवणाऱ्या माणसाला बरं मानधन. व्याख्यानाचा खर्च तिकडे वळवा. समुपदेशकानं भाषण करू नये, समोरच्याचा अर्ज हातात घेऊन कुठे काय खोडायचं ते दाखवावं. मला कुणीतरी हे पहिल्याच महिन्यात दाखवलं असतं तर 'मेहनती व प्रामाणिक' हे दोन शब्द काढून त्या जागी मी कोणकोणत्या चाचण्या करू शकते ते लिहिलं असतं.

मेळाव्याची तारीख ठरवताना मात्र लावणी, भातकापणी आणि गणपती सांभाळा. त्या दिवसांत कोकणात रिकामा माणूस मिळणं कठीण.

कळावे,

आपली,
एक नोंदणीकृत उमेदवार
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

ता. क. : मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. चिपळूण, कोल्हापूरच्या मुलाखतींना मी त्याच जोरावर गेले. तेवढं परिवहन मंत्र्यांना कळवा, आणि मुलाखतीचं पत्र दाखवणाऱ्या मुलग्यांनाही त्या दिवसापुरती ही सवलत देता येईल का, ते विचारा.