'सिलोन दालचिनी' म्हणून तज विकल्याची तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(पत्ता डब्यावर छापल्याप्रमाणे)

विषय: 'शुद्ध सिलोन दालचिनी' या नावाने मिळालेला माल आणि डब्यावरचा रोजच्या सेवनाचा सल्ला

महोदय,

दिवाळीपासून तुमची 'शुद्ध सिलोन दालचिनी पावडर' आमच्या घरी येत होती. 100 ग्रॅमचा डबा 240 रुपयांना. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, वय 71, वजन 58 किलो. डब्यावर तुम्ही छापलं आहे, 'सकाळ-संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून घ्या, साखर आटोक्यात ठेवा.' मामंजी छापलेल्या शब्दाला फार मानतात. पाच महिने त्यांनी एक वेळ चुकवली नाही.

एप्रिलमध्ये मी काळा मसाला करायला घेतला. दालचिनी कमी पडली म्हणून तुमच्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या काड्या मागवल्या. पाकीट फोडलं आणि हातात घेताच कळलं, ही सिलोन नाही. सिलोनची साल कागदासारखी पातळ असते. एकात एक अनेक पदर गुंडाळलेले, रंग फिकट तपकिरी, बोटांनी चुरली तरी तुटते, वास गोडसर. तुमच्या काड्या जाड, एकाच सालीच्या, दोन्ही कडांनी आत वळलेल्या, गडद तांबूस होत्या. खलबत्त्यात घातल्या तर बत्ता उसळत होता. गंजगोलाई बाजारातल्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराला दाखवल्या. त्यांनी वासही घेतला नाही, म्हणाले, "ताई, ही तज आहे." तज म्हणजे दालचिनीसारखीच, पण वेगळ्या झाडाची साल. त्यांच्याकडे ती मला 40 रुपयांत 100 ग्रॅम मिळते.

मी तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, दालचिनी ती दालचिनीच, दोन्ही एकच." हे पत्र त्या उत्तरामुळे लिहिते आहे.

दोन्ही एक नाहीत. सिलोन दालचिनी हे श्रीलंकेतलं झाड. तज त्याच कुळातली, पण झाडं वेगळी, आणि ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांतही 'दालचिनी' आणि 'तज' यांची मानकं वेगवेगळी लिहिली आहेत. हे तुमच्या कंपनीला माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

फरक नुसत्या चवीचा असता तर मी गप्प बसले असते. तजेत कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनमध्ये नावापुरतं. जास्त कुमारिन रोज पोटात गेलं तर काही माणसांच्या यकृताला इजा होते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. जर्मनीच्या सरकारी संस्थेने तजेच्या पावडरीत किलोमागे सरासरी 3 ग्रॅम कुमारिन धरलं आणि 60 किलोच्या माणसाने दिवसाला 2 ग्रॅमच्या वर ती घेऊ नये असं सांगितलं. आता मामंजींचा हिशेब करा. त्यांची मर्यादा 5.8 मिलिग्रॅम. तुमच्या सल्ल्याचे दोन चमचे मी वजनकाट्यावर मोजले, 5 ग्रॅम भरले. ती पावडर तजेची असेल तर रोज सुमारे 15 मिलिग्रॅम. अडीच पट!

मार्चमध्ये त्यांच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताची स्थिती दाखवणारा आकडा, वाढून 96 आला होता. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या तपासल्या, आणखी काय घेता विचारलं, तेव्हा मी डबा दाखवला. पावडर बंद करायला सांगितली. दीड महिन्याने तोच आकडा 48 झाला. ही वाढ पावडरीमुळेच झाली असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण तो डबा त्यांच्या हातात मी दिला होता, तुमच्या नावावर विश्वास ठेवून. ते मला अजून लागतं.

माझी तक्रार तजेविरुद्ध नाही. आमच्या काळ्या मसाल्यात ती पिढ्यान्‌पिढ्या पडते. भाजीत येते ती चिमूटभर. औषधासारखी चमच्याने, महिनोन्‌महिने घ्यायची गोष्ट वेगळी. आणि साखरेबद्दल तुम्ही जे छापता त्याचंही उत्तर द्या. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की रक्तातली साखर कमी करायला दालचिनी नेहमी घ्यावी इतका पुरावा नाही.

काड्या डोळ्यांनी ओळखता येतात, पावडर येत नाही. पावडर घेणाऱ्याकडे तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काहीच नसतं. म्हणून माझ्याकडच्या पावडरीच्या आणि काड्यांच्या बॅचमध्ये कोणत्या झाडाची साल आहे, ती कोणत्या देशातून आली आणि कुमारिन किती आहे, याचा प्रयोगशाळेचा अहवाल मला लेखी पाठवा. माल तज असेल तर डब्यावर तज लिहा, विकलेल्या बॅच परत मागवा आणि माझे पैसे परत करा. 'सकाळ-संध्याकाळ एक चमचा' हा सल्ला मात्र अहवालाची वाट न पाहता आजच काढा. आमच्यासारख्या किती घरांत तो रोज पाळला जात असेल.

बॅच नंबरचे फोटो, पावत्या आणि दोन्ही रक्ततपासण्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करीन. उरलेली पावडर आणि काड्या मी जपून ठेवल्या आहेत, तपासणीसाठी त्यांच्याकडेच देईन.

आपली,
एक ग्राहक
लातूर