मैद्याच्या गोळ्याबद्दल जाहीर आभार

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका आणि चाकांच्या दुकानाचा पत्ता देऊ नका, अशी अट तुम्ही घातलीत, ती पाळतो आहे. जाहीर आभार मानू नका असे मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात. माझ्या 2012 च्या ऑडी टीटीचे स्टिअरिंग आता ताशी शंभरच्या वेगातही हातात थरथरत नाही, आणि वर्धा रोडने घरी परतताना दर वेळी मनात येते की हे काम करणाऱ्याला नुसता नमस्कार करून निघून येणे बरे दिसले नाही.

तुमच्याआधी ही गाडी ज्यांच्या हाती गेली त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ते दुकान काचेच्या दारांचे, थंडगार आणि बसल्या जागी कॉफी आणून देणारे होते. चाकाचा पीसीडी (बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिलिमीटरमधला व्यास) 5 बाय 112 आहे, तुमच्या गाडीचाही तोच आहे, म्हणजे चाक बसले, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी मला 19 इंची, साडेआठ इंच रुंदीची, 35 ऑफसेटची (हा आकडा जितका लहान तितके चाक गाडीबाहेर येते) चाके आणि 245/35 चे टायर (245 मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 35 टक्के) विकले. तोच पीसीडी मर्सिडीजचाही असतो, त्या चाकांचे मधले छिद्र 66.6 मिलिमीटरचे होते आणि टीटीचा हब, म्हणजे त्या छिद्रात बसणारा गाडीचा गोल भाग, 57.1 चा आहे, या साडेनऊ मिलिमीटरच्या तफावतीबद्दल तिथे कोणी अवाक्षर काढले नाही. ताशी नव्वदच्या पुढे गाडी थरथरू लागली, तेव्हा ते पुन:पुन्हा बॅलन्सिंग करत राहिले आणि यंत्रावरचा शून्य दाखवून मला वाटेला लावत राहिले. शेवटी "गाडी जुनी झाली, सस्पेन्शन पाहून घ्या," असा सल्ला मिळाला. पुढचे चाक खड्ड्यात फेंडरला घासते म्हटल्यावर तिथल्या एका तज्ज्ञाने स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती) सुचवला, म्हणजे मूळ चाकापेक्षा आधीच अकरा मिलिमीटर बाहेर आलेले चाक आणखी बाहेर काढायचे! कॉफी मात्र चांगली होती.

तुम्ही चाक खोलले, तारेच्या ब्रशने हबवरचा गंज काढला आणि कारण एका दमात सांगितले. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक स्वतःच्या मधल्या छिद्रावर बरोबर मध्यभागी बसते, म्हणून तिथे शून्य येतो. गाडीवर तेच चाक नुसत्या बोल्टांच्या आधाराने केसभर एका बाजूला राहते. त्यातही मूळ बोल्टांचे बूड गोल आणि नव्या चाकाची बैठक शंकूच्या आकाराची होती. योग्य बोल्ट आणि हब व छिद्र यांच्यामधली फट भरणारी अ‍ॅल्युमिनियमची एक रिंग, एवढ्यावर थरथर गेली. तिथेच बिल करून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात.

पण तुम्ही म्हणालात की आपल्याकडे डांबरी रस्ता जिथे सिमेंटच्या रस्त्याला मिळतो तिथे पायरी असते, आणि 19 इंची रिमवर टायरची भिंत जेमतेम 86 मिलिमीटर उरते, तेव्हा आज ना उद्या रिम वाकणारच. जो तो मोठे चाक विकतो त्या बाजारात तुम्ही मला कंपनीच्या 18 पेक्षाही लहान, 17 इंची चाक आणि 245/45 चा टायर सुचवलात. भिंत 110 मिलिमीटरची होते, आणि टायरचा एकूण व्यास मूळ 245/40 आर 18 पेक्षा एक मिलिमीटरनेही बदलत नाही, त्यामुळे स्पीडोमीटर खोटे बोलत नाही.

आता या पत्राचे खरे कारण. रिम लहान केली की आतले ब्रेक कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला पकडणारा भाग) चाकाच्या काड्यांना लागते की काय, ही शंका मी बोलून दाखवली. "लागत नाही, मी सांगतो ना," एवढे म्हणणे तुम्हाला सहज शक्य होते. तुम्ही पोऱ्याला शेजारच्या समोसेवाल्याकडे पाठवून मळलेल्या मैद्याचा गोळा मागवलात, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कॅलिपरवर थापलात, चाक चढवून हाताने पूर्ण एक फेरा फिरवलात आणि उतरवलेत. दुकानातल्या महागड्या चाकाखाली मैदा कागदासारखा दबला होता. ते चाक तुम्ही काही न बोलता परत मांडणीवर ठेवलेत. दुसऱ्या, स्वस्त चाकाखाली चांगला पाच मिलिमीटरचा थर शिल्लक होता, आणि तो मोजायला तुम्ही व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे साधन, माझ्या हाती दिलात. "माह्या बोलण्यावर काहून जाता भाऊ, सोता पाहा ना." कॉफीवाल्या दुकानात मला नुसते ऐकून घ्यावे लागत होते. तुम्ही मला मोजायला लावलेत, याचे मोल मला पैशांत करता येत नाही.

टीटी क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी, असल्याने चारही टायर सारखेच हवेत, म्हणून प्रत्येकावरचा, तो बनला त्या आठवड्या-वर्षाचा चार अंकी आकडाही तुम्ही टॉर्च धरून मला वाचायला लावलात. बोल्ट एक सोडून एक, 120 न्यूटन मीटरला टॉर्क पान्याने आवळलेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायला स्वतः फोन करून बोलावलेत. त्याचे पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकाच्या खिशाआधी त्याच्या जिवाचा विचार करणारी माणसे या शहरात अजून आहेत. त्यांच्या दुकानांवर मोठ्या पाट्या नसतात म्हणून ती सापडायला उशीर होतो. कापड कमी पडेल असे आधीच सांगणाऱ्या शिंप्याची आई फार वाखाणणी करायची, ती का, हे मला तुमच्यामुळे कळले.

एक काम मात्र बाकी आहे. ती 19 इंची चाके माझ्याकडे पडून आहेत. तुमच्या ओळखीत कोणी मर्सिडीजवाला असेल तर कळवा, 66.6 च्या हबवर ती रिंगशिवाय बसतील; त्यांचा ऑफसेट त्याच्या गाडीला चालतो की नाही, हे मात्र विकण्याआधी तुम्हीच पाहून सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मनीषनगरचा टीटीवाला