आधी पारख, मग ‘आमेन’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चर्चच्या उपासनेत कुणी ‘प्रभू असे म्हणतो’ म्हणून देवाचा संदेश सांगताच सभेने ‘आमेन’ (तसेच असो) म्हणायचे, ही रीत प्रेषित पौलाच्या सूचनेला धरून नाही. दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी, असे बायबलमधील त्याचे पत्र १ करिंथकर १४:२९ सांगते. म्हणजे बोलणाऱ्याइतकीच जबाबदारी ऐकणाऱ्यांवरही आहे. ‘मला आवरलेच नाही’ ही सबब तर त्याच अध्यायातले ३२वे वचनच खोडून काढते: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात.

व्यवहारात, संदेश शब्दशः व तारखेसह लिहून ठेवावा. नोंद नसली की न घडलेल्या गोष्टीचा अर्थ नंतर सोयीने फिरवला जातो. सांगितलेले घडले नाही तर तो संदेश देवाचा नव्हे, ही बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकातली (१८:२२) कसोटी मग लावायची कशाच्या आधारे? मात्र भाकीत खरे ठरले एवढ्यावर विसंबू नये. चिन्ह घडूनही संदेष्टा अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नका, असे त्याच पुस्तकाचा १३वा अध्याय बजावतो. आणि हीच कसोटी सर्वाधिक विसरली जाते. संदेश लोकांना आवडला म्हणूनही खरा ठरत नाही: हनन्या या संदेष्ट्याने बाबेलच्या राजाच्या जोखडातून दोन वर्षांत सुटका होईल असे सांगितले. लोकांना हवे तेच ते होते, पण खोटे होते (यिर्मया २८).

पैशाबाबत ‘डिडाखे’ हा प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ स्पष्ट आहे: आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा. लग्न, औषध बंद करणे, मालमत्ता विकणे असे व्यक्तिगत आदेश एकांतात कधीच देऊ नयेत. मंडळीच्या वडीलजनांसमोरच (नेत्यांसमोर) द्यावेत आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

संदेश तुच्छ मानू नका, असेही १ थेस्सलनीकाकर ५:२० सांगते. म्हणून सरसकट बंदी हा उपाय नव्हे.

आपला,
एक वाचक